वीस मिनिटांची काचेची नळी: एकच चाचणी, दोन निकाल

नेहमीप्रमाणे या वेळीही आपण शोधनिबंध वाचणार आहोत. फक्त सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, आमच्या मामाच्या कांद्याच्या वाफ्यात होते.

आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या काठाला मामाचं शेत आहे. शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे तिकडच्या कुणालाही नव्याने सांगायला नको. त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. अकराच्या सुमारास मामा बारं द्यायला वाफ्यात उतरला आणि घोट्याच्या वर काहीतरी चावलं. आमच्याकडे अजूनही कुणी सरळ 'साप चावला' म्हणत नाही. 'पान लागलं' म्हणतात. मामीने तेवढंच ऐकलं, शेजारच्याची गाडी काढायला लावली आणि चाळीस मिनिटांत सगळे एका दवाखान्यात पोचले.

तिथे मामाचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त गोठलेलं होतं. "रक्त गोठतंय, विष गेलेलं नाही. सकाळी घरी जा," असं सांगितलं गेलं. मामा झोपला. मामी जागी राहिली. अडीचच्या सुमारास मामाने चूळ भरली तेव्हा पाण्यात रक्त दिसलं. मामीने आरडाओरडा केला, पुन्हा नळी भरली गेली आणि या वेळी वीस मिनिटांनी नळीतलं रक्त पाण्यासारखं वाहिलं. प्रतिविष सुरू झालं तेव्हा तीन वाजून गेले होते. पुढे किडन्यांनी दगा दिला, पुण्याला हलवावं लागलं, डायलिसिस झालं. मामा वाचला. आज तो पुन्हा शेतात जातो, गमबूट घालून.

मी डॉक्टर नाही. माझं पीएचडीचं काम जीवरसायनशास्त्रात आहे. पण रक्त गोठणं ही प्रथिनांची साखळी, आणि ती थोडीफार कळते, म्हणून घरातल्या सगळ्यांनी मलाच विचारलं: "ती पहिली टेस्ट चुकली का गं?" मी तेव्हा ठामपणे "हो" म्हणाले होते. नंतर या चाचणीवरचे शोधनिबंध वाचले आणि माझंच उत्तर मला पटेनासं झालं. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

चाचणी नेमकी काय आहे

इंग्रजी नावाचा सरळ अर्थ 'वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी'. रुग्णाच्या शिरेतलं एक-दोन मिलिलिटर ताजं रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं. नळी नेहमीच्या तापमानाला न हलवता वीस मिनिटं ठेवायची. मग एकदाच तिरकी करायची. गोळा जागच्या जागी राहिला तर रक्त गोठलं, ओघळ आला तर गोठलं नाही. वीज नको, यंत्र नको, रसायन नको. १९७०च्या दशकात नायजेरियाच्या गवताळ भागात तिथल्या फुरशासारख्या सापाच्या दंशावर काम करताना अशी खाटेशेजारची चाचणी वापरली गेली, आणि पुढे ती जगभर पसरली.

आपल्याकडे तिचा उपयोग मुख्यतः दोन सापांसाठी होतो: घोणस आणि फुरसं. घोणशीच्या विषातली काही प्रथिनं रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या घटकांना एकदम चालू करतात. म्हणजे विष खरं तर रक्त गोठवायला लावतं. पण शरीरभर सारखं, विनाकारण गोठवायला लावल्यामुळे फायब्रिनोजेन नावाचा कच्चा माल संपून जातो. मग जिथे खरोखर गोठायला हवं तिथे काही शिल्लकच नसतं. लग्नाआधीच घरातलं धान्य संपावं तसं. याच गुणामुळे घोणशीचं पातळ केलेलं विष रक्ताच्या एका तपासणीत मोठ्या प्रयोगशाळांत आजही वापरलं जातं.

आता काचेबद्दल, कारण सगळी गंमत तिथे आहे. नळी हे नुसतं भांडं नाही. काचेच्या पृष्ठभागाला रक्त लागलं की गोठण्याची साखळी सुरू होते. काच हाच या चाचणीतला एकमेव 'अभिकर्मक' आहे. प्लास्टिकच्या नळीत हे नीट होत नाही. साबणाच्या पावडरीने धुतलेल्या काचेतही होत नाही. म्हणजे धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तसुद्धा 'गोठत नाही' असं दिसू शकतं, आणि गरज नसताना प्रतिविष दिलं जाऊ शकतं. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून करतात. त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, त्यामुळे 'उगीच दिलं तर काय बिघडतं' असं म्हणता येत नाही.

पहिला निबंध: १०० पैकी ४०

२०१३ साली श्रीलंकेतल्या एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे ही चाचणी रोजच्या कामाचा भाग होती. संशोधकांनी तिची तुलना प्रयोगशाळेतल्या आयएनआर या तपासणीशी केली. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती पट वेळ लागतो याचा प्रमाणित आकडा. निरोगी माणसात तो एकच्या आसपास असतो. दीडच्या वर गेला तर रक्त बिघडलं असं त्यांनी धरलं.

निकाल असा. घोणस चावलेल्या आणि आयएनआरनुसार रक्त खरंच बिघडलेल्या १४० जणांपैकी नळीने दाखल होताना फक्त ५६ जण ओळखले. म्हणजे ४० टक्के. याला संवेदनशीलता म्हणतात: खरोखर आजारी असलेल्यांपैकी चाचणीने किती पकडले. उलट, विषबाधा न झालेल्या १२८ जणांपैकी १२८ जणांना नळीने बरोबर 'ठीक' म्हटलं. याला विशिष्टता म्हणतात, आणि ती इथे १०० टक्के.

चाळीस टक्के म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा वाईट, असं वाटून मी वही बंद करणार होते. पण या निबंधातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा नाहीच. तो पुढे आहे: ज्यांची नळी 'गोठली' त्यांना प्रतिविष मिळायला मध्यक वेळ १.७८ तास लागला, आणि ज्यांची 'गोठली नाही' त्यांना ०.८२ तास. म्हणजे साधारण पाऊणे दोन तास विरुद्ध पन्नास मिनिटं. दोन्ही गटांतल्या लोकांच्या रक्तात बिघाड होताच. फरक फक्त नळीच्या म्हणण्याचा. चुकीचा 'ठीक' हा कागदावरचा दोष नाही, तो जवळजवळ तासाभराचा उशीर आहे. हे मोजणं ही त्या निबंधाची खरी कमाई. चाचण्यांची तुलना करणारे बहुतेक निबंध टक्केवारीवर थांबतात, हा पुढे जाऊन विचारतो की त्या टक्केवारीने रुग्णाचं काय झालं.

माझी तक्रार आहे ती १०० टक्के विशिष्टतेबद्दल. एका बाजूला घोणशीने चावून रक्त बिघडलेले, दुसऱ्या बाजूला विषबाधाच न झालेले. अशी दोन टोकं निवडली की कुठलीही चाचणी शहाणी दिसते. पास-नापास ओळखण्याची परीक्षा फक्त पहिल्या आलेल्यांवर आणि पेपर कोरा ठेवणाऱ्यांवर घेण्यासारखं हे आहे. दवाखान्यात खरा पेच मधल्या लोकांचा असतो: थोडं विष गेलंय, रक्त थोडं बिघडलंय. १२८ पैकी १२८ हा आकडा खरा आहे, पण तो सोप्या प्रश्नाचं उत्तर आहे.

दुसरा निबंध: तोच देश, तीच घोणस, ८२ टक्के

२०१७ साली श्रीलंकेतूनच दुसरा अभ्यास आला. लेखकांमध्येही काही नावं तीच. चाचणी तीच, साप तोच. या वेळी मात्र ती प्रशिक्षित माणसांनी, ठरलेल्या पद्धतीने, काटेकोरपणे केली. दाखल होतानाची संवेदनशीलता निघाली ८२ टक्के, विशिष्टता ९८.

चाळीस आणि ब्याऐंशी. इथे आपल्यातले बरेच जण, मीसुद्धा, विचारतो: मग खरा आकडा कोणता?

मला वाटतं हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिल्या अभ्यासात मोजली गेली ती गर्दीच्या वॉर्डात, चार कामं हातात असताना केलेली चाचणी. दुसऱ्यात मोजली गेली ती त्याच कामासाठी शिकवलेल्या माणसाने, घड्याळाकडे बघत केलेली चाचणी. वीस मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटांनी नळी पाहिली तर अर्धवट बिघडलेलं रक्तही तोवर गोठू शकतं. ढिला, तुटका गोळा पाहून एक जण 'गोठलं' म्हणतो, दुसरा 'नाही' म्हणतो. म्हणजे संवेदनशीलता हा नळीचा गुणधर्म नाही. तो नळी, हात, घड्याळ आणि समोरचा रुग्ण या सगळ्यांचा मिळून गुणधर्म आहे. पाण्याचा उत्कलनबिंदू सांगावा तसा चाचणीचा आकडा सांगता येत नाही. आणि आपण तो तसाच पाठ करतो.

जुन्नरच्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये. याच तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. एवढं मोठं यंत्रसुद्धा निरीक्षण करताना आधी माहीत असलेल्या स्रोताकडे वळवून जुळवून घेतात, मग अनोळखी आकाशाकडे बघतात. काचेच्या नळीसाठीही अशी सोय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशियासाठीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की निकालाबद्दल शंका असेल तर शेजारी दुसऱ्या नळीत निरोगी माणसाचं, उदाहरणार्थ सोबत आलेल्या नातेवाइकाचं, रक्त ठेवून बघा. ते गोठलं तर नळी शाबूत. दोन नळ्या, चाळीस सेकंदांचं जास्तीचं काम. मी दोन्ही निबंध वाचून हेच म्हणेन की चाचणी सुधारायला नवं यंत्र लागलं नाही, शिस्त लागली.

सगळ्यांची बेरीज, आणि तिचा रुंद पट्टा

२०२१ मध्ये या चाचणीवरच्या उपलब्ध अभ्यासांची एकत्रित बेरीज प्रसिद्ध झाली. आयएनआर १.४ च्या वर म्हणजे बिघाड, असं धरल्यावर संवेदनशीलता ८४ टक्के आणि विशिष्टता ९१ टक्के निघाली. बातमीत हे दोनच आकडे आले असते. निबंधात त्यांच्या शेजारी कंस आहेत: संवेदनशीलता ६१ ते ९४ च्या दरम्यान कुठेही असू शकते, विशिष्टता ७६ ते ९७ च्या दरम्यान.

हे कंस आपण आकडेमोडीत उतरवू. समजा (हे फक्त समजा आहे, कुठल्या दवाखान्याची आकडेवारी नाही) पावसाळ्याच्या मोसमात १०० जण साप चावला म्हणून आले आणि त्यातल्या ३० जणांचं रक्त खरंच बिघडलेलं आहे.

८४ टक्के धरले तर ३० पैकी २५ सापडतात, ५ निसटतात. उरलेल्या ७० पैकी ९१ टक्क्यांच्या हिशेबाने ६४ जणांना बरोबर 'ठीक' म्हटलं जातं आणि ६ जणांना उगीच धोका दाखवला जातो. म्हणजे ६९ लोक 'ठीक' असा निकाल घेऊन बसतात, त्यातले ५ ठीक नसतात. चौदातला एक.

६१ टक्के धरले तर निसटणारे १२. ९४ धरले तर २. आणि २०१३ चे ४० टक्के धरले तर ८८ लोकांना 'ठीक' सांगितलं जातं आणि त्यातले १८ ठीक नसतात. पाचातला एक.

आता मामीच्या जागी उभं राहून हा हिशेब वाचा. तिला सांगितलं गेलं "विष गेलेलं नाही". चाचणी एवढंच म्हणत होती की "आत्ता, या घडीला, या नळीत रक्त गोठलं". ही दोन वाक्यं एक नाहीत.

माझे तीन आक्षेप

पहिला आक्षेप ज्याच्याशी तुलना केली त्या कसोटीवर. आयएनआर मुळात वॉरफरीनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांसाठी प्रमाणित केलेला आकडा आहे. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल जुळावेत म्हणून केलेली ती जुळणी त्या रुग्णांवरची. घोणशीच्या विषाने होणारा बिघाड वेगळ्या जागी होतो. तरी आपण आयएनआरला सोनं मानतो आणि नळीला त्यावर घासतो. आयएनआर १.५ असलेला आणि फायब्रिनोजेन जवळजवळ संपलेला, दोघेही 'बिघाड' या एकाच रकान्यात जातात. नळी पहिल्याला चुकवते आणि दुसऱ्याला पकडते, असं असेल तर तिचा दोष वेगळ्या प्रकारचा ठरतो. बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारी छोटी यंत्रं तर ऑस्ट्रेलियात सर्पदंशाच्या रुग्णांमध्ये बिघाड चुकवताना आढळली आहेत. महाग म्हणजे खरं, असं नसतं.

दुसरा आक्षेप वेळेवर. हे निबंध मुख्यतः दाखल होतानाच्या एका नळीची तुलना करतात. पण आपल्याकडच्या उपचारपद्धतीत ही एका नळीची चाचणी नाहीच. पहिली नळी गोठली तर ती ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा करायची. म्हणजे ती चाचण्यांची रांग आहे. विष पायातून रक्तात पोचायला वेळ लागतो. चाळिसाव्या मिनिटाला गोठणारं रक्त दोन तासांनी गोठेलच असं नाही. मग संपूर्ण रांगेची संवेदनशीलता किती? मला खरा हवा आहे तो हा आकडा. कुणी म्हणेल, सोपं आहे: एका नळीत १८ टक्के निसटतात, दोन नळ्यांत १८ गुणिले १८, म्हणजे तीन टक्के. हा गुणाकार चुकीचा आहे. एकदा निसटलेला रुग्ण दुसऱ्यांदाही निसटण्याची शक्यता जास्त असते, कारण त्याचा बिघाड अर्धवट असतो, किंवा नळी बघणारा माणूस तोच असतो. चुका एकमेकींच्या बहिणी असतात, अनोळखी नसतात. रांगेचा आकडा गुणाकाराने काढायचा नसतो, मोजायचा असतो. शिवाय प्रतिविष दिल्यानंतर, रक्त सुधारत असताना, नळीची पकड आणखी ढिली होते. म्हणजे 'अजून एक मात्रा द्यायची का' या निर्णयाच्या वेळी ती सर्वांत कमी भरवशाची.

तिसरा आक्षेप रुग्णांच्या निवडीवर, आणि तो आपल्या भागासाठी सर्वांत मोठा. हे निबंध घोणशीबद्दल आहेत. आपल्याकडे मण्यार आहे. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, खूण जवळजवळ दिसत नाही, सूज नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात, मग श्वास. मण्यारीचं विष नसांवर काम करतं, रक्त नीट गोठतं. नागाचंही मुख्य काम नसांवरच. मण्यार चावलेल्याची नळी शंभरातल्या शंभर वेळा छान गोठली तरी ती चाचणीची चूक नाही. चूक असेल तर ती नळीला 'विष गेलं का?' असा प्रश्न विचारणाऱ्याची. नळीला फक्त 'रक्त गोठतंय का?' एवढंच विचारता येतं. पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर, जिथे लोक खाली अंथरूण टाकून झोपतात, तिथे हा फरक जिवाचा आहे. तिथे नळीपेक्षा दर थोड्या वेळाने "डोळे उघडा, वर बघा, मान उचला" असं सांगणारी नर्स ही जास्त चांगली चाचणी आहे.

मग यंत्रच का नको?

इथे कुणी विचारेल की एवढे दोष आहेत तर नळी सोडा, सगळीकडे आयएनआर करा. जिथे चोवीस तास प्रयोगशाळा आहे तिथे जरूर करावं, नळीच्या जोडीला. पण रात्री अडीच वाजता यंत्र, रसायनं आणि ते चालवणारा माणूस तिघेही जागे असतील अशा जागा आपल्या दोन तालुक्यांत किती? आणि नमुना मंचरला किंवा पुण्याला पाठवून उत्तर येईपर्यंत जो वेळ जातो, तो कुठल्याच तक्त्यात संवेदनशीलतेतून वजा केलेला नसतो. ९९ टक्के अचूक उत्तर चार तासांनी, की ८२ टक्के अचूक उत्तर वीस मिनिटांनी आणि मग पुन्हा ठरावीक वेळाने? निबंध या दोघांना एकाच पट्टीवर मोजतात. रुग्ण मोजत नाही.

देशाच्या पातळीवर हे छोटं प्रकरण नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, वर्षाला सरासरी ५८,०००. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय कृती आराखडा आला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट घेऊन, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करायला सांगण्यात आलं. आमच्या भागात नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत बरीच वर्षं सर्पदंशावर काम करत आहेत. पलीकडे कोकणात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं काम खेड्यातल्या खाटेशेजारी बसून केलं आणि ते जगाने वाचलं. म्हणजे असं संशोधन इथे होऊ शकत नाही, असं म्हणायला जागा नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. श्रीलंकेचे निबंध चांगले आहेत, पण ते मोठ्या रुग्णालयांतले, एका सापाचे, एका क्षणाचे आहेत. आम्हाला हवा आहे तो ग्रामीण रुग्णालयातला अभ्यास: रात्रपाळीच्या नर्सने केलेली नळ्यांची पूर्ण रांग, सोबत नातेवाइकाची तुलनेची नळी, प्रत्येक वेळची नोंद, आणि शेवटी टक्केवारीच्या शेजारी प्रतिविष सुरू व्हायला लागलेली मिनिटं. नव्या काचेच्या नळ्यांचं एक खोकं, भिंतीवर एक घड्याळ, एक छापील तक्ता. एवढ्याने काय फरक पडतो ते मोजा. चाळीसवरून ब्याऐंशीवर जाताना यापेक्षा फार वेगळं काही लागलं नव्हतं.

आता मामाच्या प्रश्नाकडे. "ती पहिली टेस्ट चुकली का गं?"

नाही मामा, बहुतेक चुकली नव्हती. तेव्हा तुझं रक्त खरंच गोठत होतं. चुकलं ते त्यानंतर: दुसरी नळी बारा वाजून गेल्यावर ठरलेल्या वेळी भरायला हवी होती, ती अडीचला भरली, तीही मामीने रक्त पाहिलं म्हणून. मधल्या वेळात आणखी नळ्या व्हायला हव्या होत्या. त्या न झालेल्या नळ्यांची संवेदनशीलता शून्य. हे कुठल्याच निबंधात सापडणार नाही, कारण न केलेल्या चाचणीचा रकाना नसतो.

वाचणाऱ्यांपैकी कुणावर अशी रात्र आली तर वेळ न घालवता दवाखाना गाठा, आणि "रक्त गोठतंय" असं ऐकलंत तर सुस्कारा सोडण्याआधी एकच प्रश्न विचारा: "पुन्हा किती वाजता बघणार?" उत्तरात घड्याळातली वेळ आली पाहिजे. ती वेळ झाली की आठवण करा. आमच्या मामीने हे कुठल्याही शोधनिबंधाशिवाय केलं होतं.